मेण नसलेला नंदी

मुंजाजी लिंबागणेशचा पाथरवट. तेव्हा मुलूख निजामाचा. दिंद्रुडचे दुकानदार मन्मथप्पा यांच्या देवळासाठी त्यानं चार महिने खपून काळ्या दगडाचा नंदी घडवला.

मन्मथप्पा गाडी घेऊन आले, पण एकटे नाही. सोबत हैदराबादेत इंग्रजी शिकलेले सुंदरराव मास्तर. बाजारात बैल बघावा तसे दोघं नंदीभोवती फिरले.

"इंग्रजीत एक शब्द आहे, सिन्सिअर," मास्तर म्हणाले. "म्हणजे सच्चा. मूळ लॅटिन. सिने म्हणजे विना, सेरा म्हणजे मेण. तिकडचे पाथरवट म्हणे मूर्तीच्या चिरा मेणानं बुजवायचे. बिनमेणाची ती सच्ची. काही पंडित ही दंतकथा मानतात. त्यांच्या मते मूळ अर्थ निर्मळ, एवढाच."

"आन् हे मला काहून सांगायलाव?"

"सहज."

सहज म्हणून कोणी इतक्या लांब लॅटिन घेऊन येत नाही, हे मुंजाजीला कळत होतं.

"राग मानू नको," मन्मथप्पा म्हणाले. "भंगलेला नंदी देवापुढं चालत न्हाई. जरा उन्हात राहू दे."

"राहू द्या की, आप्पा. त्याला काय घाम यायचाय?"

चैत्राचं ऊन. मन्मथप्पा घडीघडी नंदीवर बोट फिरवून नख बघत. मुंजाजी त्यांचं बोट बघत होता. मेण नव्हतंच, निघणार कुठून?

"सच्चा हाय," दुपार कलल्यावर मन्मथप्पा म्हणाले. "चढवा गाडीवर."

पण आता मुंजाजीच्याच मनात पाल चुकचुकली. त्यानं घागरभर पाणी नंदीवर ओतलं. दगड भराभर वाळला. मानेखाली मात्र केसाएवढी ओली रेघ मागं राहिली. पाणी आत मुरलं होतं.

मन्मथप्पा आणि मास्तर गाडीचे दोर सोडण्यात गुंतले होते. अजून थोडा वेळ गेला असता तर रेघही वाळली असती.

"आप्पा, इकडं या."

मन्मथप्पांनी वाकून पाहिलं. "मेण तर नव्हतं."

"मेण न्हाई. चीर हाय."

"गप बसला असतास तर आमाला कळलंबी नसतं."

"मला कळलं की. दुसरा घडवतो. ठरल्या पैशातच."

"कवा?"

"दगड घावल्यावर चार महिने. घाई केली तर लई पस्तावाल."

गाडी रिकामीच वळली. नजरेआड होईपर्यंत मन्मथप्पा मागं वळून बघत होते. यात मुंजाजीचा डाव कोणता, ते त्यांना सापडत नसावं.

मुंजाजी हातोडा घेऊन खाणीकडं निघाला. दिवस मावळायला अजून दोन तास होते.