नलूची गादी

काल माझी धाकटी जाऊ नलू भैरवगढच्या हातछपाईची नवी चादर घेऊन आली. घडी उलगडली आणि त्या ताज्या रंगाच्या वासासरशी मी थेट जुन्या घराच्या पुढच्या खोलीत जाऊन पोचले बघा.

तिथं आम्ही दोघी चादरी विकायचो. दुकानाच्या गादीवर कायमचं कोण बसणार, ते सासूबाई एके दिवशी ठरवणार होत्या. मला वाटलं, मीच! छापे, रंग, धुलाई, सगळं मला पाठ. नलू आपली धंद्यात पुढे कसं जावं असली, देवास गेटच्या बाजारातून आणलेली हिंदी पुस्तकं वाचत बसायची.

त्या दिवशी एक बाई आल्या. मी चादरींवर चादरी उलगडल्या, बोलून बोलून घसा कोरडा केला. बाई उठायलाच लागल्या. तेवढ्यात नलूनं विचारलं, "भाभीजी, किसके लिए चाहिए?" आणि गप्प बसली. बाई मुलीच्या लग्नाचं सांगत सुटल्या, डोळे पुसले, आणि मी उलगडलेल्याच चादरी घेऊन गेल्या!

सासूबाई बघतच होत्या; गादी नलूला मिळाली. "पुस्तकं वाचून धंदा होतो होय गं?" मी फणकारले.

"ताई, त्यात एवढंच लिहिलंय. विचारायचं आणि ऐकायचं."

तेव्हा म्हटलं, नशीब तिचं. आता तीच पुस्तकं मीही चष्मा लावून वाचते, पण तोंड काही थांबत नाही.

काल नलूनं विचारलं, "ताई, कशा आहात?" आणि गप्प बसली. दोनदा चहा झाला तरी मी बोलतच होते. ती गेल्यावर किती हलकं वाटलं! मग लक्षात आलं, आणि पुन्हा तस्साच जळफळाट झाला.