कैची हातातच होती

आमच्या घरातला पहिला पदवीधर मी. नागपूरच्या कोर्टात वकिली शिकत होतो, तेव्हा ती एकदाच साक्षीला आली. गांधीबागेतल्या एका शिंप्यानं भांडणात तिच्या नवऱ्याला कैचीनं ठार मारलं होतं, आणि मी त्या शिंप्याच्या वकिलांचा मदतनीस होतो. अचानक, गंभीर चिथावणीनं हात उठला असेल तर तो खून न ठरता सदोष मनुष्यवध ठरू शकतो. पण शिंप्यानं आत जाऊन कैची आणली, म्हणजे राग आवरायला त्याला वेळ होता, असं सरकारी वकील म्हणणार होते.

पिंजऱ्यात चढण्याआधी तिनं देवळात काढाव्यात तशा चपला काढल्या. आमच्या वकिलांनी विचारताच ती म्हणाली, "कैची हातातच होती. कपडा कापून राहिला होता तो. आमच्या यायनं त्याच्या म्हाताऱ्या मायले झिंज्या धरून पाडलं, अन् तो धावला."

बाहेर दीर ओरडला, "आपल्याच माणसाले बदनाम केलं वहिनी! काहून?"

"ते गेले म्हणून त्या मायले मारलंच नाही काय गा त्यायनं?"

पुढे न्यायाधीशांनी तिचा शब्द मानला. खुनाचा आरोप टिकला नाही. शिंपी शिक्षा भोगतो आहे, पण आईच्या हयातीत सुटेल. कायद्यातला तो अपवाद मला परीक्षेपासून पाठ होता. तो कुणाच्या जिवावर उभा राहतो, हे तिनं दाखवलं.

त्या दिवशी मी नुसते हात जोडले. तिनं मान हलवली, आणि त्याच दिराच्या गाडीवर मागे बसून ती सासरी गेली.