मंदाताईंचं परमिट

मंदाताई सायकलवरून पडल्या तेव्हा मी, त्यांची वरच्या मजल्यावरची शेजारीण, गॅलरीत कपडे वाळत घालत होते. त्यांचे यजमान वसंतराव म्हणतात, मी सकाळभर तोच एक टॉवेल वाळत घालते. म्हणू देत. साक्षीदार मीच होते.

रविवार होता. ताई मांडवीहून, म्हणजे धाकट्या बहिणीकडून, निरुपमाकडून, सुभानपुऱ्याला परतत होत्या. हँडलला फाफडा-जिलेबीची पिशवी, फाफड्यासोबतची कढीही त्यातच. बडोद्यात रविवारी ही पिशवी हँडललाच लटकते, दुसरी जागा कुणाला सुचतच नाही. सोसायटीच्या फाटकाशी वळताना ती झुलली आणि पुढच्या चाकात गेली. चाक थांबलं, ताई पुढे गेल्या. गुडघा खरचटला, मनगट जरा सुजलं. बाकी अंगभर होती ती कढी.

आता वसंतरावांबद्दल. बत्तीस वर्षं कोयलीच्या रिफायनरीत. तिथे परमिटवर, म्हणजे कामाच्या परवानगीच्या कागदावर, सही झाल्याशिवाय कुणी नटाला हात लावत नाही. निवृत्त होऊन चार वर्षं झाली, पण सवय काही निवृत्त झाली नाही. त्याच दिवशी त्यांनी सायकल साखळीने जिन्याच्या कठड्याला बांधली आणि वर लाल पाटी लावली: ‘वापरास बंदी’.

ताईंचा चेहरा उतरला, त्याला कारण होतं. साठाव्या वर्षी त्या सायकल शिकल्या त्या व्यायामासाठी नाही. आधी वसंतराव त्यांना स्कूटरवरून बहिणीकडे न्यायचे आणि हेल्मेट न काढता समोर बसून राहायचे. हेल्मेट घातलेला माणूस समोर असताना दोन बहिणी बोलणार काय? सायकल गेली म्हणजे रविवार गेला.

“परमिट कसं मिळतं ते सांगा,” ताई म्हणाल्या.

“हवा, ब्रेक, चेन स्वतः तपासायची. पंक्चर स्वतः काढायचं. मागे बघताना सायकल वाकडी जाता कामा नये. मग बघू.”

“पंक्चर तुम्हाला तरी येतं का?” मी वरून विचारलं.

“तुमचा टॉवेल वाळला का?” ते म्हणाले. म्हणजे येत नव्हतं.

म्हणून ताई नाक्यावरच्या सुभानरावांच्या सायकलच्या दुकानात जाऊ लागल्या. सुभानराव अर्धं मराठी, अर्धं गुजराती बोलतात आणि रागावतात पूर्ण मराठीत. “बेन, आधी मागचा ब्रेक, पछी पुढचा. दोन्ही दाबा, पण पुढचा हळू. आणि थैली पाछळ, कॅरिअरवर, बांधून.” आठवड्याभरात ताई कणीक मळायच्या परातीत पाणी घेऊन ट्यूबचे बुडबुडे शोधायला लागल्या. त्यांच्या पोळ्यांना रबराचा वास येतो, ही बातमी मीच पसरवली. खोटी होती.

मागे बघण्याचा सराव माझ्याकडे होता. ताई पार्किंगमध्ये पांढऱ्या पट्ट्यावरून सायकल चालवायच्या, मी मागून बोटं दाखवायची.

“किती?”

“तीन.”

“आता?”

“भेंडी आहे ती. आणि जून आहे.”

पट्टा सुटला नव्हता. उभ्या गाड्यांपासून हातभर लांब राहायचं, वळायच्या आधी हात दाखवायचा, उलट्या बाजूने येणाऱ्याशी भांडायचं ते थांबून, हेही सगळं जमलं. शेवटचं सगळ्यात अवघड गेलं.

परीक्षेच्या रविवारी वसंतराव सहाला उठून खाली गेले. मी बघत होतेच. त्यांनी पान्याने मागच्या ब्रेकची तार गुपचूप ढिली केली. ताईंना मी काही सांगितलं नाही, जीभ चावत गप्प बसले. माझ्या आयुष्यात हे फार वेळा झालेलं नाही.

ताई आल्या. टायर दाबून पाहिला, चेन फिरवली, ब्रेक दाबला. तो पार मुठीला टेकला. नवऱ्याकडे एकदा बघितलं, खाली बसल्या, तार ओढून नट आवळला.

“दुसऱ्याचं काम बिघडवायलाही परमिट लागतं ना तुमच्यात?”

वसंतराव हसू दाबत कागदावर सही करायला लागले. ताईंनी तो वाचला आणि त्यांचा हात धरला.

“सात ते नऊ? निरुपमाचा पहिला चहाच साडेआठला होतो.”

“परमिटला मुदत असतेच, मंदा.”

“मग सायकल ठेवा तुमच्याकडेच.”

हे त्यांना अपेक्षित नव्हतं. त्यांनी ‘नऊ’ खोडून लिहिलं: ‘काम पूर्ण होईपर्यंत’. आणि लाल पाटी काढून खिशात घातली.

ताई परतल्या सव्वा वाजता. वसंतरावांनी काहीही विचारलं नाही, जेवायला पानं घेतली. मी मात्र विचारलं, इतका वेळ बोलत काय होतात. ते सगळं सांगून होईपर्यंत चार वाजले.