जोतीरामचा राऊटर

जोतीरामच्या नाकावर राग कायमचा मुक्कामाला असे आणि गल्लीला त्याचं भारी कौतुक. शुक्रवार पेठेत राहत्या घरीच त्याचा लग्नपत्रिकांचा छापखाना होता, पण छापखान्यापेक्षा त्याचा आवाजच जास्त लोकांना माहीत होता. ब्याण्णव साली गल्लीला आठ दिवस पाणी आलं नाही, तेव्हा रिकाम्या घागरींसकट बायकांना पाणीपुरवठ्याच्या साहेबाच्या केबिनमध्ये नेऊन बसवणारा हाच. सत्त्याण्णवला जळका ट्रान्सफॉर्मर बदलून घेतला तो वीज मंडळाच्या साहेबाची खुर्ची जिन्यावरून खाली फेकून. दोन्ही वेळा त्याचंच खरं निघालं, आणि तिथंच त्याचा घात झाला. आपणही चुकू शकतो, हे तो साफ विसरून गेला. तेव्हापासून काहीही बिघडलं की लोक आधी त्याच्या दारात यायचे.

गल्लीत इंटरनेट आलं दोन हजार सहा साली, सोमेशमुळं. गल्लीतल्याच मल्लव्वाचा हा एकुलता एक मुलगा, जेमतेम पंचविशीचा. कंपनीचा एक मोडेम त्यानं आपल्या घरात बसवला आणि गच्च्यांवरून वायरी ओढून बारा घरांना नेट दिलं. जोतीरामकडं कॉम्प्युटर दोन, वायर एक. दुसऱ्यालाही नेट पाहिजे म्हटल्यावर सोमेश म्हणाला, "काका, राऊटर आणा की. पण आणलासा की मला हाक मारा, मी जोडून देतो. तुम्ही हात लावू नका."

'हात लावू नका' एवढंच जोतीरामच्या डोक्यात गेलं. अख्खं छपाईचं मशीन खोलून परत उभं करणारा माणूस तो, आणि हे कालचं पोर त्याला शिकवणार? राजारामपुरीतल्या दुकानातनं त्यानं राऊटर आणला आणि स्वतःच जोडला. डब्याच्या मागं पाच भोकं. चार एका ओळीत, पाचवं जरा बाजूला, वेगळ्या रंगाचं. बाहेरून आलेली वायर त्या पाचव्यात घालायची असते. जोतीरामला वाटलं, हे जादाचं असणार. त्यानं सोमेशची वायर ओळीतल्या पहिल्याच भोकात खुपसली. दिवे लुकलुकले, त्या दिवशी दोन्ही कॉम्प्युटरवर नेट आलंसुद्धा.

दुसऱ्या दिवसापासून गल्लीचं नेट मरायला लागलं. आज या घरात नाही, उद्या त्या घरात नाही, मधूनच जोतीरामकडंही नाही. सोमेश बिचारा भर उन्हात गच्च्या पालथ्या घालत होता. कंपनीवाले म्हणाले, मोडेम ठणठणीत आहे. मग तो घरोघर विचारत फिरला, कुणी नवीन काही जोडलंय का. अकरा घरांनी त्याला आत घेतलं. जोतीरामनं दारातच अडवलं.

"माझ्याकडं काय न्हाय. तू तुझा मोडेम बघ आधी."

धडधडीत खोटं. 'बघा, सांगितलं नव्हतं?' हे त्या पोराच्या तोंडून ऐकायचं नव्हतं, म्हणून खोटं.

बारावीचा निकाल नेटवर लागला आणि तो सगळ्या गावाला दिसला, फक्त शेजारच्या बाळासोच्या मुलीला दिसला नाही. ती रडत बसली. बाळासो जोतीरामकडं आला आणि जोतीरामच्या तळपायाची आग मस्तकात गेली. राग खरा होता हो! हेच तर वाईट. खोटं बोललेला माणूसही किती मनापासून संतापू शकतो, ते त्या दिवशी गल्लीनं बघितलं. त्यानं पंचवीस-तीस माणसं गोळा केली, छापखान्यातला काळ्या शाईचा डबा उचलला आणि सोमेशचं दार गाठलं. मल्लव्वा बाजाराला गेली होती.

"काका, शोधतोय की मी," सोमेश बाहेर येऊन म्हणाला. "कुणाच्या तरी घरात कायतरी..."

"आता गल्लीवर ढकलतोस व्हय रं?"

जोतीरामनं डब्यात हात घातला आणि त्याच्या तोंडाला फासला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

सोमेशनं हात उचलला नाही. बाहीनं फक्त डोळ्यांभोवतीची शाई पुसली. "एकच घर बघायचं ऱ्हायलंय," एवढं बोलून तो तडक छापखान्यात शिरला. मागोमाग सगळे. राऊटर दिसताच त्यानं आपली वायर उपटली आणि म्हणाला, "बाळासोमामा, घरात जाऊन बघा."

थोड्या वेळानं शेजारच्या खिडकीतून बाळासोची आरोळी आली. "आलं रं, आलं!"

"मोडेम परत्येक कॉम्प्युटरला नंबर देतो," सोमेश म्हणाला. "ह्यो तुमचा डबाबी गल्लीला नंबर वाटाय लागला. ज्यानं ह्याचा चुकीचा नंबर घेतला, त्याचं नेट बंद."

लोक वाकून वाकून राऊटर बघायला लागले. मग मागून कुणीतरी ओरडलं, "दुकानदारानं फशिवलं! चला राजारामपुरीला!" लगेच दहा आवाज मिसळले. सगळ्यांचे डोळे जोतीरामकडं. त्यानं नुसतं 'चला' म्हणायचा अवकाश होता. शब्द अगदी ओठावर आला. तेवढ्यात त्याला सोमेशच्या गालावर आपली चार बोटं उमटलेली दिसली.

"दुकानदार न्हाय," तो म्हणाला. "चूक माझी हाय. ह्यानं इचारलं तवा मी खोटं बोललो."

टाळ्या वाजवणारे हात कुठं गेले कोण जाणे. एकाला दूध आणायचं आठवलं, एकाला दवाखाना. सोमेशला 'चुकलं रं' म्हणायला एक माणूस थांबला नाही. असल्या लोकांच्या जिवावर आपण पंधरा वर्षं ओरडलो, याचा जोतीरामला संताप आला आणि त्याहून जास्त स्वतःचा. छपाईची शाई पाण्यानं निघत नाही, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक? तो रॉकेलमध्ये फडकं भिजवून घेऊन आला.

"तोंड पुढं कर."

सोमेशनं मान फिरवली. "हितं न्हाय. घरी चला."

दोघं भर दुपारी गल्लीतून चालत गेले. मल्लव्वा भाजीची पिशवी घेऊन नुकतीच दारात पोचली होती. पोराकडं बघून तिच्या हातातली पिशवी गळाली.

"कुणी केलं रं हे?"

सोमेश बाजूला सरकला आणि काळ्या हातात फडकं धरून जोतीराम तिच्यासमोर उभा राहिला.