महेबूबचाचांचा वाकडा बांध

"साहेब, माज्या रानातून साप गेल्यावानी बांद कशाला घालायलाव?"

बांधाच्या आखणीसाठी मी ठोकलेल्या खुंट्यांकडे महेबूबचाचा बघत उभे होते. मराठवाड्यातल्या वाशीजवळच्या उतारावरचं सगळ्यात वरचं शेत त्यांचं. काम तिथूनच सुरू व्हायचं, त्यामुळे त्यांची संमतीची सही नसेल तर खालच्या शेतकऱ्यांच्या सह्यांना काही अर्थ नव्हता.

मराठवाडा नुकताच मुंबई राज्यात आला होता आणि मी नवाकोरा ओव्हरसिअर होतो. काम समपातळी बांधांचं, म्हणजे उतारावर पाणी अडवून माती वाहू न देणाऱ्या बांधांचं. माझ्या साहेबांनी बजावलं होतं, सोमवारपर्यंत सही आणा, नाहीतर काम लोहारा तालुक्यात हलवतो. माझी नोकरी कच्ची होती. काम लोहाऱ्याला गेलं असतं आणि मी घरी.

मी चाचांना व्याख्या ऐकवली: समान उंचीचे बिंदू जोडणारी रेषा. डिप्लोमाला याच उत्तराला मला पैकीच्या पैकी मार्क होते. चाचांची रीत सोपी होती. बांध धुऱ्याला, म्हणजे शेताच्या हद्दीला धरून, दोरी ताणून सरळ घालायचा.

"उंची सारखी म्हंता," ते म्हणाले. "पर त्यानं पानी कसं थांबतंय, ते सांगा की."

मी पुन्हा तीच व्याख्या म्हणायला लागलो. खरं सांगतो, लाज वाटली. लेव्हलच्या, म्हणजे उंची मोजायच्या यंत्राच्या दुर्बिणीतून आकडे वाचता येत होते, पण ते आकडे काय सांगतात हे मला आजवर कुणी विचारलंच नव्हतं.

शेवटी त्यांच्याच घरून परात मागवली. तिच्यात ओल्या मातीचा उतार थापला, त्यांच्या रानातली ओघळसुद्धा बोटानं कोरली. मग खालच्या बाजूनं सावकाश पाणी ओतलं.

"चाचा, पाण्याची कड मातीला जिथे टेकलीय, ती समपातळी. बांध तिच्यावरून नेला की पाणी एका जागी दाटत नाही, सगळ्या बांधाला सारखं टेकून उभं राहतं."

बोलता बोलता मलाच ते दिसायला लागलं. चाचा वाकून बघत होते. त्यांनी ओघळीवर बोट ठेवलं.

"पानी हितं वर शिरलंय. तुमच्या खुंट्या तर सरळ गेल्यात."

मी ओघळीच्या दोन्ही काठांवर आकडे घेतले होते आणि मधे चक्क दोरी ताणली होती. म्हणजे बांध तिथेच समपातळीच्या खाली राहिला असता, सगळं पाणी तिथे जमून तो फुटला असता आणि चाचांची माती घेऊन गेला असता.

दुपारभर पुन्हा लेव्हल लावली. आकड्यांची उंच पट्टी चाचांनी स्वतः धरली. ओघळीतल्या खुंट्या वर सरकल्या. बांध आधीपेक्षाही वाकडा झाला आणि चाचांनी खुशीत उर्दूत सही ठोकली.

त्या पावसाळ्यात एका झडीनं आसपासचे बरेच सरळ बांध फुटले. आमच्या बांधाला या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखं वीतभर पाणी उभं होतं. चाचांनी मला सगळ्या बांधावरून मिरवलं. मी फार खूश होतो आणि ते लपवतही नव्हतो.

पुढे माझ्या हाताखाली ओव्हरसिअर आले. त्यांना मी पहिल्या दिवशी सांगायचो, आपण आखलेली लाइन आधी अशा माणसाला समजावून सांगा, ज्याला नाही म्हणायची मुभा आहे. मला नका सांगू. मी साहेब आहे, व्याख्या ऐकून नुसती मान डोलवीन.