सलीमच्या डब्यातली अर्धी पट्टी

सलीम गेल्याचा फोन आला तेव्हा मी अकोल्यात घरी, सकाळची रक्तदाबाची गोळी हातात घेऊन बसलो होतो. त्याच्या बायकोनं, भाभींनी, एवढंच सांगितलं, "मास्तर, ते गेले." मी आधी गोळी घेतली, मग रडलो. याच क्रमानं. पाच आठवडे झाले, ती लाज काही सुटत नाही...

सलीम माझा बडनेऱ्याच्या शाळेतला सोबती. मी पुढे अकोल्यात शाळामास्तर झालो, तो अमरावतीकडे संत्र्याच्या बागांना ठिबक बसवू लागला. बागेत शिरला की आधी दाबाचा काटा बघायचा आणि शेतकऱ्याला झापायचा, "पंप इतका काऊन चढवला? जाड पाइपाले काई होत नाई. बारीक नळ्या जातेत, अन् शेवटचं झाड उपाशी मरते. वरून मात्र बाग हिरवीच दिसते."

पन्नाशीत आम्हा दोघांनाही रक्तदाब निघाला, गोळ्या सुरू झाल्या. आठेक महिन्यांनी चिखलदऱ्याला गेलो, तेव्हा दाब मोजायचं माझं मशीन सोबत होतं. दोघांचाही अगदी नॉर्मल. मी मास्तरी थाटात म्हणालो, "झालं ना बरं! आता जनमभर कशाले खायच्या?" दाब नॉर्मल आहे तो गोळ्यांमुळेच, हे मला शिकल्यासवरल्या माणसाला सुचलं नाही. दोघांनीही सोडल्या. वर्षभरानं माझा दाब पुन्हा चढलेला निघाला, बायकोनं मला फरफटत डॉक्टरकडे नेलं आणि मी गोळी परत धरली. सलीमला सांगितलं नाही. आज सांगू, उद्या सांगू... खरं म्हणजे त्याच्यासमोर चूक कबूल करायची माझ्यातल्या मास्तराला लाज वाटली.

बारा वर्षांनी तो ओळखीच्या बागेत वाट चुकला. मग आधी कोणता व्हॉल्व्ह उघडायचा ते विसरू लागला, शेवटी माझं नावही विसरला. डॉक्टरांनी आम्हाला त्याच्या मेंदूचं चित्र दाखवलं. वर्षानुवर्षं दाब चढा राहिला की मेंदूतल्या केसाएवढ्या रक्तवाहिन्या जाड आणि ताठ होतात, आतल्या भागाला रक्त पुरत नाही, जागोजागी ठिपक्यांएवढे भाग सुकत जातात आणि माणसाला पत्ताही लागत नाही, असं ते म्हणाले. मला सलीमची बाग आठवली. "वय असतं, इतरही कारणं असतात, एकावरच बोट ठेवता येत नाही," असंही ते म्हणाले. त्या एका वाक्याला मी दोन वर्षं धरून बसलो.

गेल्या आठवड्यात अमरावतीला जाऊन भाभींना सगळं सांगितलं. त्या उठल्या आणि त्याचा पत्र्याचा डबा घेऊन आल्या. आत दाबाचा काटा, दोन वायसर आणि त्या वेळची गोळ्यांची अर्धी पट्टी.

"मी लय भांडली होती तवा," त्या म्हणाल्या. "ते म्हणे, मास्तरनं सांगतलं म्हणजे बराबरच असन." मग विचारलं, "तुमी परत कधी चालू केल्या?"

"वर्षभरानं."

"मंग त्यायले काऊन नाई सांगतलं?"

त्यांनी चहा ठेवला, आणि निघताना तो डबा माझ्या हातात दिला. आता तो माझ्या टेबलावर असतो. माझी पट्टी मी त्यातच ठेवतो, त्याच्या पट्टीशेजारी. रोज सकाळी माझ्या पट्टीतली एक गोळी कमी होते, त्याची पट्टी तेवढीच राहते.