केशवरावांची मागची खोली

हे मी कुणालाच सांगितलं नाही. नवऱ्याला नाही, मुलीला नाही. देवापुढेही नाही — त्याला ठाऊकच असेल म्हणून गप्प बसले. आज तुम्हाला सांगते. चौथीपर्यंत शिकले, वडिलांनी घरी बाळबोध घोटून घेतलं, तेवढ्यावर लिहिते आहे. सजवून लिहिता येत नाही. आणि ही गोष्ट सजवायची नाहीही.

आमच्या या तमिळ मुलखातल्या गावी, राजवाड्यामागच्या गल्ल्यांत माझ्याबद्दल विचारलंत, तर लोक चांगलंच सांगतील. ते त्या वर्षांमुळे. घरोघर केबलचा टीव्ही आला, कालव्याकाठचा रस्ता रुंद झाला, आणि काठावरच्या झोपड्या एका सकाळीत गेल्या. ती कुटुंबं जुन्या छत्राच्या, म्हणजे धर्मशाळेच्या, ओसरीवर येऊन राहिली. आमच्या गल्लीत सरोजा टीचर म्हणून एक तमिळ बाई होत्या, शाळेतून निवृत्त झालेल्या. त्यांनी आम्हा चार बायकांना जमवलं. त्यांचा हट्ट एकच — आधी खोली, आणि लवकर. रेशनकार्ड, काम, मुलांची शाळा, सगळं मागून. म्हणायच्या, "ओसरीवर बसून कुणी सावरत नाही, अक्का. दाराला कडी असली की माणूस सावरतो." सुरुवातीचं भाडं त्या जमवायच्या. खोल्या शोधायचं काम माझं.

ते मला जमायचं. त्या गल्ल्यांतली बरीच घरं पिढ्यान्पिढ्या इथे राहिलेल्या आपल्या मराठी लोकांची. मुलं मद्रासला, बंगळूरला नोकरीला. मागच्या खोल्या रिकाम्या. मी कुटुंबाला घेऊन दारात उभी राहायचे. बोलणं तमिळमध्ये व्हायचं. मग मालक मला मराठीत विचारायचा — खरं सांगा, माणसं कशी आहेत? आपण मराठी माणसं इथे असंच करतो ना? दुकानात, बसमध्ये, कामवालीसमोर — समोरच्याला कळू नये म्हणून मराठी. मी मराठीत म्हणायचे, "द्या, मी आहे." आणि चावी मिळायची.

वळ्ळीचं कुटुंब तेवढं खोलीवाचून राहिलं होतं. ती, नवरा मुरुगेसन आणि सहा वर्षांची सेल्वी. मुरुगेसन बाजारात हातगाडी ओढायचा. ओसरीवर वळ्ळीनं एक जुनी साडी आडवी बांधली होती, आणि त्या साडीपुढे ती रोज सकाळी कोलम काढायची, पिठाची रांगोळी. दार नव्हतं, तरी दारापुढचं कोलम.

खोली होती केशवरावांकडे. माझ्या घराला लागून. विहीर दोन्ही घरांची एकच. — इथे मी घुटमळते आहे, कळतंय मला.

माझ्या मुलीचं लग्न ठरायचं होतं. आपल्यात स्थळं ती किती? कोइमतूरहून मंडळी बघायला येणार होती. विहिरीवर ही बाई दिसली तर ती काय म्हणतील, एवढंच माझ्या डोक्यात. दुसऱ्यांच्या विहिरींवर मीच माणसं नेऊन बसवली होती. तेव्हा कुणाच्या मुलीचं लग्न मला आठवलं नाही. कारण सांगितलं. माफी म्हणून सांगितलं नाही.

मुरुगेसन कामावर होता. वळ्ळी आणि सेल्वीला घेऊन मी गेले. केशवराव खुशीत होते. सेल्वीला तमिळमध्ये म्हणाले, "काय गं, माझ्या पेरूवर चढणार का?" तिनं मान हलवून नाही म्हटलं, आणि झाडाकडेच बघत राहिली. "म्हणजे उद्याच चढणार," म्हातारा हसला. मग माझ्याकडे वळून मराठीत — "काय अक्का, देऊ ना?"

मी म्हटलं, "नका देऊ. नवरा पितो. रोज."

मुरुगेसन पीत नव्हता. मी कधी बघितलं नव्हतं, कुणी तसं म्हटलंही नव्हतं. ते खोटं मला शोधावंसुद्धा लागलं नाही — तोंडाशीच होतं.

वळ्ळी वाटेत भरून घेतलेला कुडम, पाण्याची घागर, कडेवर घेऊन उभी होती. कुडमातलं पाणी हललं नाही. केशवराव तिला म्हणाले, मद्रासहून भाचा येतोय, खोली लागेल. "सरी, अय्या," बरं मालक, एवढंच म्हणाली, आणि सेल्वीचा हात धरून निघाली.

टीचरना मी सांगितलं, मालक नाही म्हणाले.

"तुम्ही सोबत असून?"

"माणसं काय, बदलतात," मी म्हटलं.

ऐप्पसीचा, म्हणजे दिवाळीच्या सुमाराचा, पाऊस लागला. ओसरी गळायची. त्यांना खोली मिळायला संक्रांतीचा पोंगल उजाडला, तीही दुसऱ्या गावी, पापनाशमला, टीचरच्या ओळखीनं. मधे सेल्वीला ताप आल्याचं कानावर आलं. मी बघायला गेले नाही. माझ्या मुलीचं लग्न ठरलं. ती मंडळी विहिरीकडे फिरकलीही नाहीत.

पुढच्या वर्षी टीचर मला पापनाशमला घेऊन गेल्या. खोली स्वच्छ, दारात कोलम. वळ्ळीनं चटई घातली, कापी केली. टीचर मुरुगेसनशी बोलत बाहेर उभ्या. मी सेल्वीला तमिळमध्ये विचारलं, शाळेत जातेस का? ती भिंतीकडे बघत बसलेली. पुन्हा विचारलं. वळ्ळीनं पेला माझ्यापुढे ठेवला आणि हळू बोलली. मराठीत — आपल्या मराठीत, माझ्या आईच्या तोंडी होती तशा.

"ह्या बाजूनं बोला, अक्का. त्या पावसात कान फुटला तिचा. डाव्या कानानं ऐकायला येत नाही."

तिची आई राजवाड्याजवळच्या एका मराठी घरी भांडी घासायची. वळ्ळी त्या घरच्या मुलांतच वाढली. एवढं तिनं सांगितलं, मी विचारलं म्हणून. केशवरावांचं नाव काढलं नाही. टीचर आत आल्या तशी ती पुन्हा तमिळमध्ये बोलू लागली. माझ्या कापीत साखर जास्त होती, पाहुण्याला घालतात तशी.

तेव्हा तरी बोलायचं होतं ना मी? पेला रिकामा केला. बसमध्ये टीचर म्हणाल्या, "किती मायेनं केलं तिनं तुमचं." मी हो म्हटलं.

केशवराव गेले, मुरुगेसनला दारुडा समजून गेले. टीचरही गेल्या. वळ्ळीनं त्यांना कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्या मला विचारल्याशिवाय राहिल्या नसत्या.

सेल्वीला मी त्यानंतर एकदाच बघितलं. मोठी झाली होती, हातात भाजीची पिशवी. पापनाशमला रस्ता ओलांडत होती. आमच्या बसनं हॉर्न दिला. ती थांबली आणि उलट्या बाजूला बघू लागली — आवाज कुठून येतोय ते तिला कळेना. ड्रायव्हरनं शिवी दिली आणि बस वळवून काढली. मी खिडकीशी होते. उतरले नाही.